कोपऱ्यावरचें उत्तर

गणिताच्या इतिहासाकडे पाहण्याची आपली एक ठराविक रीति होऊन बसली आहे. एखाद्या थोर पुरुषाला एखादें सत्य स्फुरलें, त्यानें तें सूत्रांत बांधलें, पुढें तें पाठ्यपुस्तकांत आलें आणि विद्यार्थ्यांनीं तें घोकून परीक्षा दिली, एवढ्यांत तो इतिहास आपण आटोपतों. त्या सत्याची गरज कोणाला पडली होती, कोणत्या कारखान्यांत तें प्रथम उपयोगीं पडलें, त्याच्या योगानें कोणाच्या पदरांत काय पडलें व कोणाच्या हातून काय गेलें, हे प्रश्न इतिहासाच्या वर्गांतले असें समजून गणिताचा शिक्षक ते बाजूला ठेवतो. आणि इतिहासाचा शिक्षक तर गणिताच्या वाटेसच जात नाहीं. या दोघांच्या मधल्या ओसाड पट्टींत पडून राहिलेला एक विषय आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. विषय लहान आहे. आमच्या राज्यांतील बारावीच्या विद्यार्थ्यांना तो एका प्रकरणांत शिकवतात. परंतु त्याचा पसारा मुंबईच्या लोअर परळापर्यंत येऊन पोहोंचतो, आणि तेथें तो केवळ गणित राहत नाहीं.

या विषयाचें नांव 'लिनिअर प्रोग्रॅमिंग'. आपण त्यास रेषीय नियोजन म्हणूं. त्यांतला प्रश्न सर्वत्र एकच असतो. साधनें मोजकीं आहेत, त्यांचे उपयोग अनेक आहेत. तर तीं कशीं वांटलीं असतां लाभ जास्तींत जास्त होईल, किंवा खर्च कमींत कमी येईल? अज्ञात राशि दोनच असल्या तर हा प्रश्न चौकटींच्या कागदावर रेषा काढून सोडवितां येतो. विद्यार्थी रेषा काढतो, त्यांच्या आंतील भाग पेन्सिलीनें छायांकित करतो, त्या भागाच्या प्रत्येक कोपऱ्याची किंमत काढतो, आणि सर्वांत मोठी किंमत जेथें येईल तो कोपरा उत्तर म्हणून लिहितो. उत्तर कोपऱ्यावरच कां सांपडतें, हें विचारणारा विद्यार्थी विरळा. आणि त्या रेषा तेथें कोणीं काढल्या, हें विचारणारा तर त्याहूनहि विरळा. पुस्तकांतलें उदाहरण बहुधा खुर्च्या आणि मेजें करणाऱ्या एका सुताराचें असतें. त्या सुताराला गांव नसतें आणि शेजारीहि नसतात. आपण त्याच्या ऐवजीं एक गिरणी घेऊं.

गिरणी घ्यावयाची ती लोअर परळाचीच घेतलेली बरी. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं ताडदेवास पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापिली आणि १८५६ सालीं ती गिरणी चालू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकांत भायखळ्यापासून लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी आणि नायगांवपर्यंत धुरांड्यांचें एक रानच उभें राहिलें. फिनिक्स मिल १९०५ ची. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून व घाटावरून माणसें आलीं, चाळींच्या एकेका खोलींत दाटीवाटीनें राहिलीं, आणि भोंग्याच्या तालावर त्यांचे दिवस व रात्री आंखल्या गेल्या. डिलाईल रोड हा या वस्तीचा जणूं कणा होता. त्याला पुढें नारायण मल्हार जोशी यांचें नांव मिळालें, तें यथायोग्यच म्हटलें पाहिजे. कारण याच मजूरवर्गासाठीं त्यांनीं १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग काढून रात्रीच्या शाळा आणि वाचनालयें चालविलीं होतीं.

आतां आपली कल्पित गिरणी. तिच्यांतील आंकडे सर्वस्वीं सोयीसाठीं घेतले आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. ती दोन प्रकारचें कापड काढते : जाडा मांजरपाट आणि बारीक मलमल. मांजरपाटाच्या एका गांठीला कातणखात्याची १ पाळी लागते. मलमलीचें सूत बारीक, म्हणून तिच्या एका गांठीला ३ पाळ्या लागतात. विणाईच्या बाजूला दोहोंनाहि विणकरांच्या तुकडीची एकेक पाळी लागते असें समजूं. महिन्याकाठीं कातणखात्याजवळ ९० पाळ्या आहेत आणि विणकरांच्या ५०. मजुरी व इतर सर्व खर्च वजा जातां मांजरपाटाच्या गांठीमागें २०० रुपये आणि मलमलीच्या गांठीमागें ३०० रुपये नफा राहतो. मांजरपाटाच्या गांठींना क्ष म्हणूं आणि मलमलीच्या गांठींना य. म्हणजे पहिलें बंधन असें झालें कीं क्ष + ३य ही बेरीज ९० च्या वर जातां कामा नये. आणि दुसरें असें कीं क्ष + य ही बेरीज ५० च्या वर जातां कामा नये. कोणत्याहि कापडाच्या उणे गांठी विणतां येत नाहींत, हें तिसरें बंधन इतकें उघड आहे कीं तें सांगण्याची लाज वाटावी. परंतु यंत्राकडून गणित करून घेणाऱ्याला तेंहि सांगावें लागतें.

कागदावर आडव्या अक्षावर मांजरपाट मांडा व उभ्या अक्षावर मलमल. कातणखात्याची रेषा आडव्या अक्षाला ९० वर आणि उभ्या अक्षाला ३० वर मिळते. विणकरांची रेषा दोन्ही अक्षांना ५० वर मिळते. या दोहोंच्या खालीं व अक्षांच्या आंत जो चतुष्कोण राहतो, तेवढीच काय ती या गिरणीची शक्यतेची भूमि. व्यवस्थापकाच्या मनांत कितीहि मोठे बेत असोत, त्याला या भूमीबाहेर पाऊल टाकतां येत नाहीं. तिचे कोपरे चार : काहींच न विणण्याचा, नुसता ५० गांठी मांजरपाट विणण्याचा, नुसती ३० गांठी मलमल विणण्याचा, आणि जेथें दोन्ही रेषा एकमेकींस छेदतात तो, म्हणजे ३० गांठी मांजरपाट व २० गांठी मलमल. नफा अनुक्रमें शून्य, १०,००० रुपये, ९,००० रुपये आणि १२,००० रुपये. शेवटच्या कोपऱ्याची सरशी झाली, आणि परीक्षेपुरतें उत्तर येथें संपलें.

परंतु कोपराच कां? एक पट्टी घ्या आणि समान नफ्याच्या रेषेवर ती ठेवा. ६,००० रुपये नफा देणारे सर्व बिंदु एका सरळ रेषेवर येतात. ९,००० रुपये देणारे तिला समांतर अशा दुसऱ्या रेषेवर. नफा वाढविणें म्हणजे पट्टीचा कोन न बदलतां ती वर उजवीकडे सरकवीत नेणें. ती सरकतां सरकतां शक्यतेच्या भूमीला ज्या क्षणीं सोडूं लागते, त्या क्षणीं तिचा शेवटचा स्पर्श कोठें होतो? भूमीच्या सर्व कडा सरळ आहेत आणि तिला कोठेंहि आंत वळलेली खांच नाहीं. म्हणून शेवटचा स्पर्श कोपऱ्याला होतो, किंवा पट्टी एखाद्या कडेला समांतर असली तर त्या सबंध कडेला होतो. मध्यभागीं असलेल्या बिंदूला तो मान कधींच मिळत नाहीं, कारण त्याच्या पलीकडे जाण्यास अद्याप जागा शिल्लक असते. ज्याच्यापुढें सर्व वाटा खुंटल्या तोच सर्वांत लाभदायक बिंदु, असा हा प्रकार आहे.

यांतून व्यापाऱ्याच्या नित्य अनुभवाची एक गोष्ट स्पष्ट होते. मलमलीचा नफा ३०० वरून ४०० झाला किंवा ५०० झाला, तरी आपल्या गिरणीनें विणावयाचें प्रमाण तसूभरहि बदलत नाहीं. तोच कोपरा श्रेष्ठ राहतो. तो ६०० झाला कीं वरची सबंध कडच सारखी लाभदायक होते, आणि ७०० झाला कीं उत्तर एकदम उडी मारून दुसऱ्या टोंकाला जातें : मांजरपाट बंद, मलमल ३० गांठी, नफा २१,००० रुपये. उलट मलमलीचा नफा १५० वर उतरला तर मलमलच बंद पडते. बाजारभाव हळूहळू चढतात व उतरतात. निर्णय मात्र दीर्घकाळ स्थिर राहून मग एका रात्रींत फिरतात. ज्या खात्यावर अशी उडी कोसळते तेथील माणसाला ती दैवी आपत्तीसारखी भासते. वस्तुतः ती पट्टीच्या कोनाची गोष्ट असते.

हें सर्व इतकें सोपें असतां जगाला तें इतक्या उशिरां कां सुचलें, याचें आश्चर्य वाटतें. समीकरणें सोडविण्याची विद्या जुनी. आपल्या भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांतच बीजगणित विलक्षण उंचीला नेऊन ठेवलें होतें. १६३७ सालीं देकार्त यानें समीकरणाला रेषेचें रूप दिलें. परंतु समीकरण म्हणजे तराजूचीं दोन पारडीं समतोल असणें. आणि व्यवहारांत पारडीं क्वचितच समतोल असतात. तेथें 'याहून अधिक नको', 'इतक्याहून कमी नको' अशी भाषा चालते. या असमानतांकडे गणितज्ञांनीं फार काळ दुय्यम दृष्टीनें पाहिलें. फ्रान्सांत फूरिए यानें १८२० नंतरच्या दशकांत अशा असमानतांचा समूह घेऊन त्यांनीं वेढलेल्या आकृतीच्या कडेकडेनें उत्तराकडे जाण्याची कल्पना मांडली. पण तिचा पाठपुरावा झाला नाहीं. साधनांच्या वांटपाचा हिशेब एवढ्या मोठ्या प्रमाणावर करण्याची वेळ अद्याप आली नव्हती.

ती वेळ विसाव्या शतकांत आली. १९३८ सालीं लेनिनग्राडमधील एका प्लायवूड कारखाना-संघानें तरुण गणितज्ञ कांतोरोविच याजकडे एक प्रश्न नेला : वेगवेगळ्या जातींचें लांकूड वेगवेगळ्या यंत्रांवर कसें वांटावें म्हणजे उत्पादन सर्वाधिक होईल? त्या गणितज्ञाला दिसून आलें कीं हाच प्रश्न शेतें, खाणी, आगगाड्या आणि कातरकाम यांतहि लपलेला आहे. त्यानें १९३९ सालीं एक पुस्तिका लिहिली. परंतु पश्चिमेकडील विद्वानांच्या हातीं ती पडण्यास जवळ जवळ वीस वर्षें लागलीं. तिकडे महायुद्धांत कूपमन्स यानें जहाजांच्या फेऱ्यांच्या निमित्तानें याच मार्गानें वाटचाल केली, आणि १९४७ सालीं अमेरिकन हवाई दलाच्या नोकरींत असलेल्या जॉर्ज डँट्झिग यानें सर्वसाधारण कृति शोधून काढली. तिला सिंप्लेक्स म्हणतात. एका कोपऱ्यावर उभे राहावें, शेजारचा अधिक लाभाचा कोपरा पाहावा, कडेनें तेथें जावें, आणि अधिक चांगला शेजारी सांपडेनासा झाला कीं थांबावें. इतकें तिचें सार आहे. आपण पट्टीनें जें केलें तेंच, फक्त डोळ्यांच्या मदतीवांचून.

डोळ्यांची मदत सोडणें भागच होतें. अज्ञात राशि दोन असल्या तर कागद पुरतो. तीन असल्या तर खोलींतल्या हवेंत पृष्ठें कल्पावीं लागतात. त्यापुढें चित्र संपतें. स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञानें १९४५ सालीं एक प्रश्न प्रसिद्ध केला होता : ७७ खाद्यपदार्थांतून ९ पोषकद्रव्यांची गरज भागविणारा सर्वांत स्वस्त वर्षभराचा आहार कोणता? त्याच्या अंदाजी उत्तराची किंमत १९३९ च्या भावानें ३९ डॉलर ९३ सेंट होती. १९४७ सालीं सिंप्लेक्सच्या कसोटीसाठीं हाच प्रश्न घेतला तेव्हां हातयंत्रांवर आंकडेमोड करणाऱ्या कारकुनांचे मिळून १२० दिवस त्यांत खर्ची पडले, आणि उत्तर आलें ३९ डॉलर ६९ सेंट. चोवीस सेंटांसाठीं एवढी यातायात! परंतु त्या यातायातीनें एक गोष्ट सिद्ध झाली. चित्र नाहींसें झालें तरी कोपऱ्याचा नियम नाहींसा होत नाहीं. दोन मितींत शिकलेलें सत्य सत्त्याहत्तर मितींत अबाधित राहतें, आणि म्हणूनच शाळेंतील तो साधा आलेख पोरखेळ ठरत नाहीं.

१९४८ सालीं विस्कॉन्सिन येथील एका सभेंत डँट्झिगनें आपलें काम मांडलें, तेव्हां हॉटेलिंग या नामांकित विद्वानानें उठून एवढेंच म्हटलें कीं जग रेषीय नाहीं हें आपण सारेच जाणतों. तरुण वक्ता गोंधळला असतां श्रोत्यांतून फॉन नॉयमन याने त्याची बाजू घेतली : वक्त्यानें आपल्या विषयाला रेषीय असें नांव देऊन त्याचीं गृहीतकें स्पष्ट सांगितलीं आहेत, तीं लागू पडतील तेथें वापरा, न पडतील तेथें वापरूं नका. हें उत्तर नेमकें आहे. परंतु आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांना हॉटेलिंगचा आक्षेप सहज सोडतां येत नाहीं. आपल्या गिरणीचेंच पाहा. एका गांठीला विणकरांची एक पाळी, तर पन्नास गांठींना पन्नास. हा रेषीय हिशेब. पण पहिल्या तासांतला विणकर आणि दहाव्या तासांतला विणकर हा एकच का? धाग्याच्या तुटण्याला, हवेंतील तंतूंना, दमलेल्या पायांना रेषीय नियम ठाऊक नसतो.

येथें आपण १९२८ सालाशीं येऊन पोहोंचतों. त्या वर्षीं मुंबईच्या गिरण्यांत जो सार्वत्रिक संप झाला तो एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सुमारें सहा महिने चालला आणि दीड लाखाच्या आसपास कामगार त्यांत होते. कारणें अनेक होतीं. त्यांपैकीं एक ठळक कारण 'रॅशनलायझेशन' हें होतें. मागाला गिरणीच्या बोलींत साचा म्हणत. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकरानें तीन सांभाळावे, आणि रिंगखात्यांत एक बाजू पाहणाऱ्यानें दोन बाजू पाहाव्या, असा तो बेत होता. ससून समूहाच्या गिरण्यांतून त्याची सुरुवात झाली होती. त्याच संपाच्या काळांत लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली, आणि शेवटीं फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीसमिति नेमली जाऊन संप मिटला.

हा बेत आपल्या कागदावर मांडून पाहूं. विणकर तितकेच, पण प्रत्येकाकडे दोनांऐवजीं तीन साचे. म्हणजे पूर्वीच्या ५० पाळ्यांत ७५ पाळ्यांचें काम. विणकरांची रेषा ५० वरून ७५ वर सरकली. नवा कोपरा साडेसदुसष्ट गांठी मांजरपाट व साडेसात गांठी मलमल येथें येतो, आणि गांठीमागचा नफा तोच धरल्यास नफा १२,००० वरून १५,७५० रुपये होतो. किंवा दुसऱ्या बाजूनें पाहा : साचे वाढवावयाचे नाहींत, कापड पूर्वीइतकेंच काढावयाचें, तर पूर्वीच्या ५० पाळ्यांचें काम ३३ च्या किंचित् वर पाळ्यांत उरकतें, आणि दर तीन विणकरांपैकीं एक बिनकामाचा होतो. कागदावर पेन्सिलीची एक रेषा थोडी बाहेर सरकली, इतकेंच. पहिल्या वाचनांत ती मालकाला संपत्ति दिसते, आणि दुसऱ्या वाचनांत चाळींतल्या कुटुंबाला उपासमार दिसते. दोघेहि एकाच रेषेकडे पाहत होते व दोघांचेंहि पाहणें अचूक होतें. मालकांची अडचणहि खोटी नव्हती. जपानी कापडाशीं चढाओढ होती, आणि १९२७ च्या टॅरिफ बोर्डाच्या अहवालानें कार्यक्षमता वाढविण्याचा उपदेश केला होता. परंतु बंधन सैल करावयाचें म्हणजे कोणाच्या तरी अंगावर तें कसावयाचें, ही गोष्ट आलेखांत दिसत नाहीं.

मात्र आलेखावर सर्वस्वीं अन्याय करूं नये. त्याच्या पोटांत आणखी एक आंकडा दडलेला असतो, आणि तो फार बोलका आहे. कोणत्याहि बंधनाची एक पाळी वाढली तर नफा किती वाढेल, असें विचारतां येतें. आपल्या उदाहरणांत कातणखात्याच्या एका जादा पाळीची किंमत ५० रुपये येते आणि विणकरांच्या एका जादा पाळीची १५० रुपये. पडताळा सोपा आहे : ९० पाळ्या गुणिले ५० म्हणजे ४,५००, आणि ५० पाळ्या गुणिले १५० म्हणजे ७,५००; बेरीज बरोबर १२,०००. सगळा नफा दोन खात्यांत वांटला गेला, पैहि बाहेर राहिली नाहीं. या आंकड्यांना छायामूल्य म्हणतात. कांतोरोविच यालाहि ते १९३९ सालींच सांपडले होते, आणि प्रत्येक सिंप्लेक्स गणिताच्या शेवटीं ते आपोआप हातीं येतात.

याचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. मजुरी चुकती केल्यानंतरहि विणकरांच्या तुकडीची प्रत्येक पाळी गिरणीला आणखी १५० रुपयांची होती, असें हें गणित सांगतें. तीन साच्यांच्या योजनेनें जे ३,७५० रुपये वाढले ते २५ पाळ्यांचे १५० रुपयांप्रमाणें होत. यंत्राच्या धन्यानें नवीन कांहीं शोधून काढल्यामुळें आलेले नव्हेत, तर त्याच माणसांच्या वाढलेल्या कामाचे. गांठीमागचा मजुरीचा दर तोच ठेवला तर विणकराला दीडपट मिळेल आणि तरीहि धन्याला हे ३,७५० सुटतील. दर कापला तर विणकराच्या हिश्शाचेंहि धन्याकडे जाईल. सहा महिन्यांचा संप याच वांटणीच्या प्रश्नाभोंवतीं फिरत होता. आलेख 'किती' हें सांगतो. 'कोणाचें' हें सांगत नाहीं. परंतु 'किती' हें दोन्ही पक्षांना ठाऊक असणें, आणि एकालाच ठाऊक असणें, यांत महदंतर आहे. रात्रीच्या शाळेंत मजुराला हिशेब शिकविणाऱ्यांनीं काय साधलें, याचें उत्तर येथें सांपडतें.

या विद्येच्या पुढच्या इतिहासांत एक मराठी नांव ठळक अक्षरांत लिहिलेलें आहे. कोपऱ्यांवरून चालणारी सिंप्लेक्स कृति व्यवहारांत जलद चाले. परंतु क्ली आणि मिंटी यांनीं १९७२ सालीं अशी एक आकृति रचून दाखविली कीं जिच्या एकूण एका कोपऱ्याला भेट देण्याची पाळी तिच्यावर यावी. १९७९ सालीं रशियांतील खाचियान यानें तत्त्वतः जलद अशी दुसरी कृति दिली, पण ती व्यवहारांत मंद ठरली. मग १९८४ सालीं, पवईच्या आय. आय. टी.चे १९७८ चे पदवीधर आणि तेव्हां अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत असलेले नरेंद्र करमरकर यांनीं कोपऱ्यांची वाटच सोडली. कडेकडेनें फिरण्याऐवजीं शक्यतेच्या भूमीच्या पोटांतून, प्रत्येक पावलाला भूमीचें रूप असें पालटीत कीं आपण पुन्हां मध्याशींच यावें, त्यांनीं उत्तराकडे मार्ग काढला. त्या शोधाची वार्ता न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर छापली गेली. उत्तर अखेर कोपऱ्यावरच असतें. पण तेथें पोहोंचण्यासाठीं सबंध कुंपण धुंडाळावें लागत नाहीं, हें त्यांनीं दाखविलें.

त्याच वर्षांत लोअर परळांत काय चाललें होतें? १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. तो विरून गेला, आणि त्याच्याबरोबर भोंगाहि विरला. कित्येक गिरण्या पुन्हां पूर्ववत् चालल्याच नाहींत. मग प्रश्नाचें रूपच बदललें. आतां कापडाच्या गांठी मोजावयाच्या नव्हत्या. जमिनीचे एकर मोजावयाचे होते.

१९९१ सालच्या विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ व्या नियमानें गिरण्यांच्या जमिनींचें वांटप ठरवून दिलें. ढोबळमानानें एक तृतीयांश शहराला मोकळ्या जागेसाठीं, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठीं आणि उरलेला हिस्सा मालकाला. २००१ सालीं या नियमांत बदल झाला, आणि ही वांटणी सबंध जमिनीची नसून ज्या भागावर बांधकाम नाहीं अशा मोकळ्या भागापुरतीच आहे, असें ठरलें. पुन्हां एक कल्पित उदाहरण घेऊं. गिरणीची जमीन ९ एकर. पैकीं ६ एकरांवर जुन्या इमारती, ३ एकर मोकळे. पहिल्या नियमानें शहराला ३, म्हाडाला ३ आणि मालकाला ३. दुसऱ्या नियमानें वांटणी फक्त ३ एकरांची : शहराला १, म्हाडाला १, आणि मालकाकडे ७. उद्दिष्ट बदललें नाहीं. मालकाला तेव्हांहि सर्वाधिक लाभच हवा होता. बदलली ती एका बंधनाची शब्दरचना, आणि तेवढ्यानें शहराचीं मैदानें व मजुरांचीं घरें शक्यतेच्या भूमींतून बाहेर गेलीं. प्रकरण न्यायालयांत गेलें. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं हा बदल अमान्य केला, आणि सर्वोच्च न्यायालयानें मार्च २००६ मध्यें तो निर्णय फिरवून बदल ग्राह्य धरला. आज फिनिक्स मिलच्या आवारांत मोठी बाजारपेठ आहे आणि कमला मिलच्या आवारांत कचेऱ्या व उपाहारगृहें आहेत.

यावर कोणी म्हणेल कीं हा दोष गणिताचा नव्हे. तें खरेंच आहे. परंतु गणित शिकविण्याच्या आपल्या पद्धतीचा तो थोडाफार आहे. आपण विद्यार्थ्याला बंधनें तयार देतों, जणूं तीं पर्वतांसारखीं आणि नद्यांसारखीं निसर्गानेंच घातलेलीं आहेत; आणि कौशल्य सगळें त्यांच्या आंतला श्रेष्ठ कोपरा हुडकण्यांत आहे असें त्याच्या मनावर बिंबवितों. कांहीं बंधनें निसर्गाचीं असतातहि. दिवसाचे तास चोवीसच, आणि कापसाच्या तंतूची लांबी जितकी तितकीच. पण विणकरानें किती साचे सांभाळावे हें निसर्गानें ठरविलें नव्हतें, आणि मोकळी जमीन कशाला म्हणावें हेंहि निसर्गानें ठरविलें नव्हतें. तीं बंधनें वाटाघाटींत, संपांत, समित्यांत, विधिमंडळांत आणि न्यायालयांत ठरलीं. म्हणजे तीं इतिहासांत ठरलीं. त्यांच्या आंतील उत्तर यंत्र क्षणार्धांत देतें. बंधनांवर मात्र माणसांनाच वाद घालावा लागतो, आणि तो वाद घालण्यासाठीं आलेख वाचतां येणें ही फार मोठी तयारी आहे.

म्हणून ज्या घरांत बारावीचा विद्यार्थी असेल तेथील वडील मंडळींना एक सुचवावेंसें वाटतें. मुलगा वा मुलगी चौकटींच्या कागदावर तो चतुष्कोण छायांकित करीत बसली असतां तिला कोपऱ्यांचे नफे जरूर काढूं द्यावे, कारण परीक्षेंत तेच विचारतात. त्यानंतर प्रत्येक रेषेवर बोट ठेवून तिला दोन प्रश्न विचारावे : ही रेषा येथें कोणीं काढली, आणि ती एक घर सरकली तर कोणाचें काय होईल? पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत मिळणार नाहीं. दुसऱ्याचें उत्तर मात्र समोरच्या कागदांतूनच निघतें. दोन समीकरणें सोडविण्याइतकें श्रम घेतले म्हणजे पुरे.